स्वतःचं वाण काढावं की तयार वाण घेऊन विकावं?

जालन्यात बियाण्याची कंपनी काढायची म्हणणाऱ्यांचा प्रश्न ठरलेला असतो, आरॲण्डडीत, म्हणजे संशोधनात पैसा घालू की सोर्स कंपनीकडून, म्हणजे वाण काढून दुसऱ्यांना विकणाऱ्या कंपनीकडून, तयार मक्याचं बी घेऊन आपल्या पिशवीत भरू. मी दोन्ही करून बसलोय.

तयार मालात पहिल्याच खरिपात बिलं फाटतात, नफा दिसतो, बँकवालाही चहा पाजतो. स्वतःचं करायचं तर ब्रीडर (वाण काढणारा तज्ज्ञ), जमीन, मजूर आणि नुसतं थांबणं, कारण ओळ, म्हणजे संकराचा आई-बाप, शुद्ध व्हायला सहा-सात पिढ्या लागतात, वर्षात दोन हंगाम काढले तरी तीन-साडेतीन वर्षं, ट्रायल त्याच्या पुढं. तोवर खात्यात फक्त खर्च. आमचे सीए दर मार्चला विचारायचे, "हे कणसांचं खातं बंद कधी करायचं?"

तरी मी वळलो ते सिल्लोडच्या एका दुकानात. शेतकऱ्यानं माझी पिशवी उचलली तर दुकानदार हळूच म्हणाला, "दादा, ही घ्या, दोनशेनं कमी, माल तोच हाय." आणि होता तोच! सोर्सवाल्यानं एकच वाण तिघांना दिलेलं, रंग फक्त पिशवीचा वेगळा. दोन वर्षं प्लॉट दाखवले मी, पीक पाहणीला जेवणं घातली मी, अन गिऱ्हाईक त्या स्वस्त पिशवीवाल्याचं. सोर्सवाल्याला फोन केला तर म्हणे मार्केट मोठंय साहेब.

कापसात बघा ना, 2002 ला बोंडअळी रोखणारं बीटी आलं, अमेरिकेच्या मोन्सॅन्टो कंपनीचं तंत्र महिको या इथल्या बियाणे कंपनीकडून पुढं डझनावारी कंपन्यांनी लायसन्सवर घेतलं. जीन सगळ्यांचा एकच, मग शेतकरी नाव घेऊन मागायचा ते ज्याचं मूळ संकरित वाण दमदार त्याचं.

अर्थात सगळ्याच पिकात हे परवडतं असं नाही. सोयाबीनचं बी शेतकरी घरचंच ठेवतो, तिथं सात वर्षं घालवून दुसऱ्या वर्षी गिऱ्हाईक गायब, त्यापेक्षा परभणी विद्यापीठाचं वाण वाढवून विकलेलं बरं, तुरीत बदनापूर संशोधन केंद्राची बीडीएन-711 आहेच. भांडवल कमी असेल तर मक्यातही आधी दोन-तीन वर्षं तयार मालच विका, डीलर जमवा, पण बाजूला चार ओळी लावत जा, असं आपलं मला वाटतं.

माझं पहिलं वाण सातव्या वर्षी आलं, विकल्या किती तर दोन हजार पिशव्या. सिल्लोडचा तोच दुकानदार आता दोनशे कमीवाली पिशवी काढू शकत नाही, उधारी मात्र तेवढीच मागतो.