लॉबीच्या दारावरचं फिंगरप्रिंट मशीन, आठ महिन्यांनंतर

जूनमध्ये सोसायटीच्या लॉबीला बसवलं, आता फेब्रुवारी, म्हटलं लिहावं. ब्रँडचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण पुढे कळेलच.

कार्ड दाखवलं की टक् करून मॅग्नेटिक लॉक सुटतं, त्यात आठ महिन्यांत एकदाही तक्रार नाही. फिंगरप्रिंट मात्र वैताग. कामाला येणाऱ्या मावशींची बोटं भांडी घासून इतकी गुळगुळीत झालीत की मशीन ओळखतच नाही, शेवटी सगळ्यांना कार्डंच दिली. पावसात तर माझं बोटपण घेत नव्हतं.

पण हे सगळं चालतं हो. दिवाळीत भाचा आला होता, तो नेटवर्किंगमध्ये आहे, त्याने सहज लॅपटॉपवर मशीनचं वेबपेज उघडलं तर पासवर्ड डिफॉल्टच, टेक्निशियनने बदलला नव्हता आणि सेक्रेटरी म्हणून मलाही सुचलं नव्हतं. मग टाइम सर्व्हरच्या (मशीनचं घड्याळ जुळवून देणाऱ्या कॉम्प्युटरच्या) रकान्यात त्याने पत्त्यापुढे एक अर्धविराम (;) टाकला, स्लीप १० लिहिलं आणि सेव्ह दाबलं. पेज दहा सेकंद नुसतं गोल गोल फिरत राहिलं. वीस लिहिलं, वीस सेकंद. मी म्हटलं नेट स्लो असेल. तर म्हणे, "मामा, नेटचा काय संबंध, आपण सांगितलं तेवढा वेळ ते झोपलं!"

म्हणजे भिंतीवरचा हा डबा आतून छोटा लिनक्स कॉम्प्युटर आहे, रकान्यात लिहिलेलं काहीही न तपासता तो सरळ सिस्टीमच्या कमांडला चिकटवतो, आणि अर्धविरामापुढचं सगळं वेगळी कमांड म्हणून चालतं. यालाच कमांड इंजेक्शन म्हणतात. झोपायच्या जागी दार उघडायला सांगितलं असतं तर?

नंतर वाचत बसलो तर हे दुखणं जुनंच निघालं. लिनिअर ईमर्ज ई३ नावाच्या दाराच्या कंट्रोलरमध्ये २०१९ मध्येच असं भोक सापडलं होतं, त्रुटींच्या जाहीर यादीतला त्याचा नंबर सीव्हीई-२०१९-७२५६, त्याला लॉगिनही लागत नव्हतं, तीव्रता १० पैकी १०. २०२० मध्ये सॉनिकवॉल या सायबर सुरक्षा कंपनीने सांगितलं की हॅकर इंटरनेटवर असे डबे शोधून त्यांच्याकडून डीडॉस हल्ले (एखाद्या साइटवर एकदम गर्दी करून ती बंद पाडणं) करून घेतायत, म्हणजे दाराशी त्यांना काही देणंघेणंच नाही! २०२२ मध्ये ट्रेलिक्स या सुरक्षा कंपनीला मर्क्युरी ब्रँडच्या दाराच्या कंट्रोलरमध्ये आठ त्रुटी मिळाल्या, त्यातली एक चक्क होस्टनेममधून (मशीनच्या नेटवर्कवरच्या नावातून) कमांड घुसवायची.

आमच्याकडे आणखी एक गंमत. मोबाईलवरून दार उघडता यावं म्हणून टेक्निशियनने राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करून ठेवला होता, म्हणजे ते लॉगिन पेज अख्ख्या जगाला उघडं. तो त्याच रात्री बंद केला, पासवर्ड बदलला, मशीनला वेगळा व्हीलॅन (नेटवर्कचा स्वतंत्र कप्पा) दिला. आता मोबाईलवरून दार उघडत नाही म्हणून तिसऱ्या मजल्यावरचे काका अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

डीलरला व्हिडिओ पाठवला तर उत्तर काय, "सर, डिव्हाइस वर्किंग आहे ना?" तीन महिने पाठपुरावा केला तेव्हा जानेवारीत पेनड्राइव्हवर नवीन फर्मवेअर (मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर) आलं. आता टाइम सर्व्हरच्या रकान्यात अर्धविराम टाकला की चुकीचा पत्ता म्हणून लाल अक्षरं येतात. बरं वाटलं. मग परवा भाच्याने व्हिडिओ कॉलवर खालच्या पिंग टेस्टच्या (नेटवर्क जोडलंय का ते तपासायच्या) रकान्यात तेच टाकायला सांगितलं, आणि मशीन परत दहा सेकंद झोपलं.