लहान फोटो टाकावा की वॉटरमार्कवाला मोठा?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या इतवारीत पिवळ्या मारबतीचा, म्हणजे मिरवणुकीतल्या मोठ्या पुतळ्याचा, एक फोटो झकास जमला. ६००० बाय ४००० पिक्सेल, खाली कोपऱ्यात वॉटरमार्क म्हणून माझं नाव, आणि तसाच टाकला नेटवर. आठवडाभरात तोच फोटो चौकातल्या फ्लेक्सवर! नावाचा कोपरा तेवढा सफाईने कापलेला.

तेव्हापासून मी लांब बाजू १२०० पिक्सेल करूनच टाकतो. मोबाइलवर फरक कळतही नाही. छापायला घेतला तर ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) जेमतेम ४ इंच, म्हणजे पोस्टकार्डही धड भरत नाही. मूळ फाइल मात्र त्याच हिशोबाने २० इंच जाते, आणि फ्लेक्स लांबून बघायचा असल्याने तिथे त्याहून कितीतरी मोठी चालते.

वॉटरमार्क कोपऱ्यात असेल तर कापला जातो, मधोमध असेल तर मारबतीच्या तोंडावरच शिक्का बसतो. ग्राहकाला नमुने दाखवायचे असतील तर ठीक. एरवी मला तो बघवत नाही. आजकाल पुसून देणारी ॲप्सही आहेतच.

हक्क दोन्हीकडे सारखाच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटो काढताच तो आपला होतो, नोंदणीची सक्ती नाही. फोटोग्राफरच्या हयातभर आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं तो हक्क टिकतो. लग्नाचं वगैरे पैसे घेऊन काम केलं असेल तर वेगळा करार नसल्यास तो हक्क काम देणाऱ्याचा, हे आपल्याकडे बऱ्याच फोटोग्राफरांना ठाऊक नसतं.

लहान फोटोचा आणखी एक फायदा: पूर्ण आकाराची मूळ फाइल फक्त माझ्याकडे असते. फ्लेक्सवाला माझ्या नावासकट न कापलेला फोटो दाखवल्यावर नरमला खरा, पण पूर्ण फाइल फक्त माझ्याकडे असती तर ते आणखी सोपं गेलं असतं.