निबंधासाठी एआय: सात महिने वापरल्यानंतर

मी मालवण तालुक्यात किनाऱ्यालगतच्या एका झेडपी शाळेत सहावी-सातवीला मराठी शिकवते. जुलैपासून फोनवरचं एक फ्री एआय चॅट वापरतेय, बऱ्याच जणी विचारतात म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात माझी साफ चुकली. "पावसाळा" वर त्याच्याकडून नमुना निबंध घेतला, फळ्यावर लिहिला, आणि सतराच्या सतरा वह्यांत तोच धरणीमातेचा हिरवा शालू आला. वाचताना फार वाईट वाटलं, कारण याच मुलांच्या घरात पावसाळा म्हणजे १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी, होड्या वर ओढून झाकलेल्या, बाबा दिवसभर पडवीत जाळं दुरुस्त करत बसलेले, आणि त्यातलं एक अक्षर वहीत नाही.

मग उलटं केलं. त्याला सांगितलं, तू एक ओळही लिहायची नाहीस, मुलाचं वाचून फक्त तीन प्रश्न विचारायचे, मालवणी शब्दांना हात लावायचा नाही. मुलं वहीतच लिहितात, मी संध्याकाळी घरी ते व्हॉइस टायपिंगने वाचून टाकते (फोटो काढला तर जोडाक्षरं गंडतात) आणि दुसऱ्या दिवशी प्रश्न चिठ्ठीवर देते. मुलांच्या हातात फोन देत नाही, कुणाचं नाव टाकत नाही, बहुतेक जण तेराच्या आतले आहेत.

खरा फरक पडला तो त्याच्या एका चुकीमुळे. सातवीतल्या एकाने लिहिलेलं, "बाबा सकाळी रापणीक गेले", बस तेवढंच. रापण म्हणजे सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावर ओढायचं मोठं जाळं, एआयने ती रोपणी धरली नि विचारलं, बाबांनी कसली रोपं लावली? मी ते खोडणार होते, मग तसंच दिलं. पोरगा इतका तापला, "बाई, तेका रापण म्हायत नाय?" आणि दोन पानं लिहून आणली, होडीतून जाळं अर्धगोल कसं सोडतात, दोन्ही टोकं किनाऱ्यावर कशी येतात, दोरी ओढायला कोण कोण येतं, वाटे कसे घालतात, आणि एकदा हात सुजलेला असताना पण आजोबांनी दोरी सोडली नाही कारण सोडली असती तर वाटा घ्यायला लाज वाटली असती. ही शेवटची ओळ मी तीनदा वाचली. किती वर्षं मी वह्यांवर लाल पेनाने "सविस्तर लिहा" लिहितेय, त्याने हे कधी झालं नव्हतं, समोरच्याला खरंच माहीत नाही म्हटल्यावर झालं.

त्रास पण आहे. नवीन चॅट उघडलं की सगळ्या सूचना परत द्यायच्या, नाहीतर मालवणी "आवस"ची "आई" करून ठेवतं. माहितीवर विसंबू नका, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पायाभरणीचं साल एकदा १६७४ सांगितलं, आमच्या पोरांना २५ नोव्हेंबर १६६४ पाठ आहे म्हणून निभावलं. आणि कौतुक अती करतं, कसल्याही ओळीला "अप्रतिम", ते मी मुलांपर्यंत जाऊच देत नाही. फ्रीचं लिमिट सात-आठ वह्यांत संपतं.

ऑक्टोबरात वादळी पावसात दोन दिवस लाईट नव्हती, चिठ्ठ्या झाल्या नाहीत, तर मुलांनी आपणहून वह्या बदलल्या आणि एकमेकांना विचारायला लागली, "गे, मगे आवशीन काय केल्यान?" तेव्हापासून पहिल्या फेरीचे प्रश्न मुलंच काढतात, ज्या वहीवर कुणालाच काही सुचत नाही तेवढीच मी घरी नेते.