चार मीटरच्या हिशेबात पाच माणसं: नाशिकमध्ये थ्रीएक्सओ वापरताना

दसऱ्याला गाडी घरी आली, आता द्राक्षांचा हंगाम उरकून बाजारात आंबे आलेत. पावसाळा अजून व्हायचाय, तेव्हा पाण्यातल्या रस्त्यांबद्दल बोलत नाही. बाकी शहर, घाट, हायवे, लग्नसराई सगळं झालं.

घ्यायच्या आधी चार गाड्या पाहिल्या: टाटाची नेक्सॉन, मारुतीची ब्रेझा, स्कोडाची कायलॅक आणि महिंद्राची एक्सयूव्ही थ्रीएक्सओ. शेवटची घेतली. टर्बो पेट्रोल, मॅन्युअल, मधलं व्हेरियंट. इथल्या सातपूरच्या कारखान्यात बनते म्हणून आपल्याला स्वस्तात पडेल, अशी सासऱ्यांची समजूत होती. तसलं काही नसतं.

या चारही गाड्या बंपर ते बंपर जवळपास एकाच मापाच्या आहेत, ३,९९० ते ३,९९५ मिलिमीटर. कारण सगळं करात आहे. लांबी ४ मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत (डिझेल असेल तर १,५००) असेल तर जीएसटी १८ टक्के, नाहीतर ४०. हे दर २२ सप्टेंबर २०२५ पासूनचे. ब्रेझा लांबीत बसते, पण इंजिन १,४६२ सीसीचं, म्हणून ती ४० टक्क्यांत जाते. बाकी तिघींची सुरुवात सव्वासात-साडेसात लाखांच्या आसपास होती तेव्हा ब्रेझाची सव्वाआठच्या पुढे. हा फरक कराचा आहे, गाडीत काही जास्त मिळतं म्हणून नाही.

मग लांबी ठरलेली असताना कंपनी जागा देणार कुठून? मागच्या सीटला दिली तर डिकीतून जाते, डिकीला दिली तर गुडघ्यांतून. आकडे बघा. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर (यावर आत बसायची जागा ठरते) थ्रीएक्सओचं २,६०० मिलिमीटर, कायलॅकचं २,५६६, ब्रेझाचं २,५०० आणि नेक्सॉनचं २,४९८. डिकी मात्र कायलॅकची ४४६ लिटर, नेक्सॉनची ३८२, थ्रीएक्सओची ३६४, ब्रेझाची ३२८. तुमच्या घरात मागे कोण बसतं आणि डिकीत काय जातं, एवढं नक्की असेल तर निम्मं काम तिथेच होतं.

आमच्याकडे मागे आई, बायको आणि आठवीतला मुलगा. पुढे मी आणि वडील. आईचे गुडघे दुखतात, तिला सीटवर चढावं लागू नये आणि खाली वाकावंही लागू नये. म्हणून प्रत्येक शोरूमला तिला नेलं. सेल्समन सनरूफ (छतातली काच) उघडून दाखवत होता आणि आई दार उघडून बसत-उठत होती. थ्रीएक्सओची रुंदी १,८२१ मिलिमीटर, चौघींत सगळ्यात जास्त. नेक्सॉन १,८०४, ब्रेझा १,७९०, कायलॅक १,७८३. कागदावर दोन-चार सेंटिमीटरचा फरक, पण मागे तीन माणसं खांद्याला खांदा लावून बसली की तोच जाणवतो. वणीला सप्तशृंगीच्या घाटात तिघं मागे बसून गेलो, आईने मध्ये कुठे थांबायला लावलं नाही. माझ्या दृष्टीने गाडीचे पैसे तिथे वसूल झाले.

दोन दिवसांच्या मुक्कामाच्या बॅगा डिकीत बसतात. लग्नाला आहेर, साड्यांची बॅग आणि वर फराळाचा डबा निघाला की वडिलांच्या पायाशी काहीतरी येतंच. मला हे माहीत होतं आणि चाललं. ज्यांच्याकडे मागे दोनच माणसं बसतात, त्यांनी कायलॅकची डिकी उघडून बघितल्याशिवाय बुकिंग करू नये.

सुरक्षिततेचं फार लिहीत नाही. थ्रीएक्सओ, नेक्सॉन आणि कायलॅक तिघींना भारत एनकॅप या धडक चाचणीचे ५ तारे आहेत, सहा एअरबॅग आहेत. या तिघींतून निवडताना हा मुद्दा मग उरतच नाही.

सिंहस्थाच्या तयारीने सध्या नाशिकचा निम्मा रस्ता खणलेला. द्वारका आणि मुंबई नाक्याला पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरपटायचं. ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतचं अंतर) २०१ मिलिमीटर आहे, पाच माणसांनिशी खोदलेल्या रस्त्याच्या कडेवरून उतरताना पोट घासलं नाही. नेक्सॉनचा २०८ आहे, कायलॅकचा १८९. टर्बो पेट्रोलचा स्वभाव असा की रांगेत ती पेट्रोल पिते. शहरात मला अकरा-बाराचं अ‍ॅव्हरेज मिळतं, हायवेला ऐंशी-नव्वदला धरली तर सोळा-सतरा. मुंबईला जाताना आता इगतपुरीपासून समृद्धी धरतो. जवळपास ८ किलोमीटरच्या बोगद्यामुळे कसाऱ्याचा घाट टळतो, पण रिकामा रस्ता बघून पाय जड झाला की अ‍ॅव्हरेज लगेच खाली येतं. रोज सिन्नर-नाशिक करणाऱ्याने नेक्सॉन सीएनजीचा विचार करावा. तिच्या दोन छोट्या टाक्या डिकीच्या तळाखाली बसवल्यात, वर ३२१ लिटर जागा उरते. मला पंपावरच्या रांगा नको होत्या.

आता पैशांचं, कारण इथे बरेच जण घसरतात. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के रोड टॅक्स, त्यावर गेलात की पूर्ण किमतीवर १२ टक्के. म्हणजे ९ लाख ९० हजारांच्या गाडीला १,०८,९०० रुपये आणि १० लाख १० हजारांच्या गाडीला १,२१,२००. वीस हजारांचं व्हेरियंट बत्तीस हजारांना पडतं, शिवाय १ टक्का टीसीएस (विक्रेता आधीच कापून घेतो तो आयकर; तो विवरणपत्रात वळता होतो, पण आधी खिशातून जातो). सनरूफसाठी मी ही रेघ ओलांडणार नव्हतो. नाशिकच्या उन्हात ती काच झाकूनच ठेवावी लागते.

विमा बाहेरून घेतला. एका शोरूमचं कोटेशन आणि त्याच झिरो डेपचं (दाव्यात सुट्या भागांचा घसारा न कापणाऱ्या विम्याचं) बाहेरचं कोटेशन यांत चांगला फरक होता. विमा आमच्याचकडून घ्यावा लागतो, असं तिथे सांगितलं. तसं बंधन नाही. नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा लागतो, कंपनी तुमच्या मर्जीची. मी उठून निघालो तेव्हा मॅनेजर आला आणि विम्याशिवाय बिल झालं.

मेहुणा दिंडोरीला द्राक्षं करतो, त्यालाही आता गाडी घ्यायचीय. माझी चालवून पाहिली, घाटातला पिकअप आवडला. पण त्याच्याकडे माणसं तीन आणि क्रेट रोजचे. त्याला म्हटलं, दोन रिकामे क्रेट घेऊन शोरूमला जा आणि डिकी उघडायला लाव. तो कायलॅक घेतोय.