बाप्तिस्म्याची तारीख ठरवण्याआधी: मॉर्मन शिकवण आणि जुना ख्रिस्ती सिद्धांत

मॉर्मन मिशनऱ्यांचे दोन-तीन पाठ ऐकले की बहुतेकांना वाटतं, सगळं आपल्या चर्चसारखंच. फक्त चहा-कॉफी बंद आणि प्रभुभोजनात द्राक्षारसाऐवजी पाणी. (2018 पासून त्यांचे पुढारी 'मॉर्मन' हे नाव टाळा म्हणतात, इथे सोयीपुरतं वापरतोय.) चहा सुटतोही. अडतं ते 'पिता' या शब्दापाशी.

कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक प्रोटेस्टंट 325 च्या निकीया आणि 381 च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेचा विश्वासांगीकार (श्रद्धेचा ठरलेला मजकूर) धरून चालतात: तत्त्व एक, व्यक्ती तीन (पिता, पुत्र, पवित्र आत्मा), म्हणजेच त्रैक्य. मॉर्मन शिकवणीत तिघं स्वतंत्र आहेत, एकी आहे ती उद्देशात. आणि पित्याला हाडामांसाचं शरीर आहे. एप्रिल 1844 मध्ये मॉर्मन पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांनी अमेरिकेतल्या नॉवू गावच्या प्रवचनात देवही एकेकाळी आपल्यासारखा होता, असं सांगितलं. सुरुवातीच्या पाठांत हा विषय सहसा निघत नाही, म्हणून आपणच विचारावं. पिता अनादिकाळापासून देवच होता का? सृष्टी शून्यातून झाली, की आधीच असलेल्या द्रव्याला त्याने आकार दिला?

मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच. शब्द ओळखीचे, त्यामुळे आपण मान डोलावतो, आणि अर्थ भलताच निघतो. 'तारण' घ्या. त्यांच्याकडे पुनरुत्थान सगळ्यांनाच मिळतं, पुढे गौरवाची तीन राज्यं आहेत, आणि सर्वोच्च पदासाठी मंदिरात लावलेलं लग्न लागतं. मंदिरात जायला परवाना लागतो. त्यासाठी मुलाखत होते आणि उत्पन्नाचा दशांश देता का, हेही विचारतात.

बाप्तिस्मा तर तिथे फार काटेकोर. वय किमान 8, दोन साक्षीदार, पूर्ण बुडवणं. केस किंवा कपड्याचं टोक वर राहिलं, की पुन्हा. कॅथलिक स्नानसंस्कारात तान्ह्या बाळाच्या कपाळावर तीनदा पाणी ओतलं तरी पुरतं. 'पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने' हे शब्द मात्र दोन्हीकडे आहेत. तरीही 2001 मध्ये व्हॅटिकनने मॉर्मन बाप्तिस्मा ग्राह्य नसल्याचं स्पष्ट केलं, कारण त्या तीन नावांमागचा देवच वेगळा समजला जातो. मॉर्मनही बाहेरचा बाप्तिस्मा मानत नाहीत. त्यांच्या मते प्रेषितांनंतर अधिकारच लोपला होता, तो 1829-30 च्या सुमारास परत आला.

एका बाबतीत त्यांची बाजू वजनदार वाटते. पहिल्या पिढीच्या ख्रिस्ती घरात, बाप्तिस्मा न घेताच गेलेल्या आजी-आजोबांचं काय, हा प्रश्न सतावतो. जुन्या मंडळ्या 'देवाची दया' एवढंच सांगून थांबतात. इथे वंशावळ काढून मृतांच्या नावाने जिवंत माणूस बाप्तिस्मा घेतो, आणि तो स्वीकारायचा की नाही हे मृतात्म्यावर सोडलेलं असतं. आधार 1 करिंथ 15:29 चा. त्या एका ओळीवर एवढी इमारत मला तरी पेलत नाही, पण त्यामागची कळकळ खरी आहे.

बायबलसोबत आणखी तीन ग्रंथ मानावे लागतात. 'मॉर्मनचं पुस्तक' वाचताना त्रैक्याशी फारसा झगडा जाणवत नाही. तो त्या तिघांपैकीच 'सिद्धांत आणि करार' या ग्रंथात आहे, 130 वा अध्याय, 22 वं वचन. वाचायचं असेल तर तिथून सुरुवात करा.

उद्या परतावंसं वाटलं, तर लहानपणी स्नानसंस्कार झालेल्या कॅथलिकाला तो पुन्हा घ्यावा लागत नाही, पहिलाच कायम राहतो. जन्माने मॉर्मन असलेल्याला कॅथलिक व्हायचं तर मात्र तो नव्यानेच घ्यावा लागतो.