मिराबेग्रॉन, लघवीच्या घाईवरची गोळी: बारा आठवडे घेतल्यानंतर

पाळी जाऊन सहा वर्षं झाली. गेली दोन वर्षं मी कुठेही गेले की आधी बाथरूम शोधायचे. दिवसा १३-१४ वेळा, रात्री चारदा. दाराच्या कुलपात किल्ली घातली की अशी घाई लागायची की कधीकधी उंबऱ्यातच कपडे ओले.

आधी याच त्रासावरची दुसरी गोळी, सोलिफेनासिन, घेतली. घाई कमी झाली, पण तोंडाला इतकी कोरड की बोलताना जीभ टाळूला चिकटायची. बद्धकोष्ठ वेगळंच! पाच आठवड्यांत सोडली.

मग डॉक्टरांनी मिराबेग्रॉन दिली, आधी २५ आणि पुढे ५० मिलीग्रॅम. मूत्राशय भरत असताना त्याचा स्नायू सैल राहावा, हे हिचं काम. गोळी अख्खी गिळायची, चावायची नाही. रक्तदाब वाढू शकतो, म्हणून मी घरी मोजून वहीत लिहिते. तो आवाक्याबाहेर असेल तर ही गोळी देत नाहीत.

पहिले तीन आठवडे काडीचा फरक नाही, नुसता वैताग. मग हळूहळू अंतर वाढलं. आता दिवसा आठ, रात्री एकदा. तोंड ओलं आहे, हे माझ्यासाठी मोठंच.

पण सगळं श्रेय गोळीला देणार नाही. सोबत योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेन क्रीम आहे. शिवाय घाई आली की पळायचं नाही, जागीच थांबून लघवी रोखायचे स्नायू पाच-सहा वेळा पटापट आवळायचे. ही युक्ती फुकटची आणि किल्लीच्या वेळी हमखास चालते.

पाचपैकी साडेतीन. खोकल्यावर होणारी गळती मात्र जशीच्या तशी. तो आजारच वेगळा, ही गोळी त्यासाठी नाही.