सॉफ्टबॉक्स की एलईडी पॅनल?
बसून घ्यायची मुलाखत कॅमेऱ्यावर चित्रित करायची असेल तर मी डोळे झाकून सॉफ्टबॉक्स, म्हणजे दिव्यावर चढवायची पुढे पांढरं कापड असलेली पेटी, उचलतो. प्रकाश किती मऊ पडेल हे दिव्याच्या किमतीवर नाही, चेहऱ्याच्या मानाने तो केवढा मोठा दिसतो यावर ठरतं. ९० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स मीटरभर अंतरावर सुंदर दिसतो. तोच चार मीटरवर नेला की सावल्यांच्या कडा पुन्हा धारदार होतात. जागा अडवतो, हे खरं. आणि वाऱ्यात तर तो शीडच! वाळूची पिशवी नसेल तर स्टँडसकट आडवा.

एलईडी पॅनल म्हणजे छोट्या एलईडी दिव्यांची चपटी पाटी; तो बॅटरीवर चालतो, पिशवीत मावतो. बाय-कलर, म्हणजे दोन रंगांचा असेल तर प्रकाशाचा रंग पिवळसर ३२०० पासून दिवसाच्या उजेडासारख्या ५६०० केल्विनपर्यंत जागच्या जागी बदलता येतो. पिवळ्या बल्बच्या खोलीतून खिडकीपाशी सरकायचं असेल तेव्हा याला तोड नाही. पण उघडा छोटा पॅनल चष्म्यात ठिपके उमटवतो, नाकाची सावली गालावर बसवतो. पुढे पांढरं डिफ्युजन कापड लावलं तर बरं दिसतं, तरी सॉफ्टबॉक्सची सर नाही. स्वस्तातला पॅनल मंद केला की कधी कधी चित्रात पट्टे सरकतात. आधी कॅमेऱ्यातून बघून घ्या.

धावपळीचं चित्रण असेल तर अर्थात पॅनलच.